ॲक्टिंगमध्ये यायचंय म्हणून विचारणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पोरापोरींसाठी, एकदाच सगळं लिहितोय

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. गणपतीला घरी आलोय, अनगोळला. पाच दिवसांत सात पोरं भेटून गेली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा ॲक्टिंगमध्ये यायचंय काय करू. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून इथं लिहून ठेवतोय, यापुढं कोण विचारलं की ही लिंक देणार.

आधी माझी लायकी सांगतो. अकरा वर्षं झाली मुंबईत. तुम्ही मला टीव्हीवर बघितलं असणार खरं ओळखणार नाही. इन्स्पेक्टर झालोय चार वेळा, वकील दोनदा, आणि हिरोईनच्या काकाच्या तेराव्याला कोपऱ्यात बसलेला माणूस किती वेळा झालोय त्याचा हिशोब नाही. एका सिरीयलीत सलग आठ महिने होतो, तेवढ्यावर गावात घराचा स्लॅब पडला. म्हणजे मी स्टार नाही, पोट भरणारा नट आहे, आणि सल्ला पोट भरण्याचाच देणार.

पहिली गोष्ट. बारावी झाली की बॅग भरून मुंबईची बस पकडू नका. मी तेच केलेलं. चौघांत एक खोली, माझ्या वाट्याला साडेसहा हजार, आणि पहिल्या चौदा महिन्यांत कॅमेऱ्यासमोर उभारलो ते एकूण नऊ दिवस. त्यातले सहा गर्दीत. आरामनगर म्हणून भाग आहे अंधेरी-वर्सोव्याकडं, तिथं ऑडिशनच्या खोल्याच खोल्या. दारात जाऊन विचारायचं, आतला पोरगा वर न बघता म्हणणार "नॉट फिट". दिवसाला सात-आठ ठिकाणी हे ऐकायचं आणि वडापाव खाऊन परत. हे सगळं करायचं असतंच, त्यातून सुटका नाही, खरं पदरात काहीतरी घेऊन जा. मी रिकामा गेलो होतो. गॅदरिंगमध्ये दोन नाटकं, आणि सगळे म्हणतात म्हणून मी चांगला नट आहे, एवढंच भांडवल.

दुसरं आपल्या बोलण्याचं, ते उद्या सविस्तर लिहितो, आता आरतीला बोलवूलालेत.

खानापूरचा_गडी
दादा बरं झालं धागा काढलात. मला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आलाय, मोठ्या चॅनेलच्या नवीन सिरीयलला हिरोच्या भावाच्या रोलसाठी शॉर्टलिस्ट झालाय म्हणून. मी फक्त फेसबुकवरच्या जाहिरातीत फोटो टाकलेला. आता म्हणतात आर्टिस्ट कार्ड काढायला १५ हजार भरा, पहिल्या पेमेंटमध्ये परत मिळणार. वडिलांना सांगितलं नाही अजून. भरू काय?

तिसरी_घंटा
नको. नको. नको.

भावा, खरी ऑडिशन फुकट असते. कास्टिंगवाला तुझ्याकडं पैसे मागत नाही, त्याला प्रॉडक्शन देतं. कार्ड, रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ "आमच्याच फोटोग्राफरकडून", वर्कशॉप केलंस तरच रोल, कॉस्च्युमचं डिपॉझिट, नाव काहीही असू दे, कामाआधी पैसे मागितले की फोन ठेवायचा. कलाकारांची संघटना आहे मुंबईत, सिंटा म्हणतात तिला, १९५८ पासूनची. तिचं सभासदत्व आपण स्वतः ऑफिसात अर्ज देऊन घ्यायचं असतं, तेसुद्धा काम सुरू झाल्यावर. व्हॉट्सॲपवर कुणाच्या नंबरवर पैसे टाकून नव्हे.

आणि ऑडिशन न घेता फोटोवरून शॉर्टलिस्ट? हिरोच्या भावाला? मला वकिलाच्या चार ओळींसाठी तीनदा बोलावलं होतं.

मीपण घातलेत पैसे म्हणून सांगालोय. दुसऱ्या वर्षी एका कोऑर्डिनेटरला, म्हणजे कामं मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, वीस हजार दिले, आईनं भिशीचे उचलून पाठवलेले. महिनाभर "फाइल पुढं गेलीय" म्हणाला, मग फोन बंद. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं ते खोलीचं डिपॉझिट होतं.

खानापूरचा_गडी
ब्लॉक केलं. धन्यवाद दादा.

शहापूरची_अक्का
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, डान्स छान करते, सगळे म्हणतात सिरीयलला पाठवा. कोल्हापुरातल्या एका शूटिंगसाठी विचारणा आलीय. शाळा बुडेल म्हणून मिस्टर नको म्हणतात. लहान मुलांसाठी काही नियम असतात काय?

तिसरी_घंटा
असतात अक्का, आणि बऱ्याच आईबापांना माहीत नसतात. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत आहे. मुलाकडून दिवसाला पाच तासांच्या वर काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्यानं त्या जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटची परवानगी काढायची असते. मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करायचे. शाळा बुडू द्यायची नाही हीसुद्धा त्यांचीच जबाबदारी.

तुम्ही फक्त एवढं विचारा, "परवानगी काढलीय काय, कागद दाखवा". चांगलं प्रॉडक्शन असेल तर दाखवतील. "अहो दोनच दिवसांचं काम आहे, कशाला" म्हणाले तर मिस्टरांचं ऐका.

गल्लीतला_नटसम्राट
हे सगळं रडगाणं झालं. आजकाल रील करून पोरं डायरेक्ट हिरो व्हालेत. माझे ४२ हजार फॉलोवर आहेत. थिएटर बिएटर करत बसायला कुणाला वेळ आहे.

तिसरी_घंटा
फॉलोवरचा उपयोग होतो, नाही कशाला म्हणू, हल्ली काही ठिकाणी फॉर्मातच इन्स्टा विचारतात. खरं रील तीस सेकंदांची, आणि ती आवडेपर्यंत परत करता येते. सेटवर सकाळी सीन हातात पडतो, चार पानं, समोर सीनियर नट, मागं साठ माणसं शिफ्ट संपायची वाट बघूलालेत. तिथं ४२ हजार कामाला येत नाहीत, पाठांतर येतं.

आता बोलण्याचं. हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

आपल्याकडं "पण" ला "खरं" म्हणतात. आयुष्यभर तेच बोललोय, कधी लक्षातसुद्धा आलं नाही. एका ऑडिशनला म्हणालो, "मी तयार आहे खरं मला दहा मिनिटं द्या". ती असिस्टंट पोरगी म्हणाली, काय खरं? मी म्हटलं दहा मिनिटं. ती म्हणाली, हो पण खरं काय? असं चाललं थोडा वेळ. खोलीतले सगळे हसले, मीपण हसलो, रूमवर येऊन रडलो. दुसऱ्या एका ठिकाणी "करूलालोय" निघून गेलं तोंडातून, त्यांना वाटलं मी कॅरेक्टरमध्ये आहे आणि शेतकऱ्याचा रोल दिला. मी सुशिक्षित मुलाच्या रोलसाठी गेलेलो.

तर आपली बोली टाकून द्या असं म्हणत नाही मी, उलटं म्हणालोय. कोल्हापुरी बोलीला सिरीयलवाल्यांकडं चांगली मागणी आहे, आपली तिच्याच शेजारची. खरं तुम्हाला ती *लावता* आणि *काढता* आली पाहिजे, चपलेसारखी. एकच बोली येत असली की एकाच तऱ्हेचे रोल, आयुष्यभर ट्रॅक्टरवर. मी काय केलं ते सांगतो. रोज सकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा, आणि लगेच ऐकायचा नाही, रात्री ऐकायचा. रात्री आपला आवाज परक्याचा वाटतो मग चुका दिसतात. न आणि ण. श आणि स. चंद्रातला च आणि चांगल्यातला च वेगळे आहेत, आपल्यातले कन्नड शाळेत शिकलेले बरेच जण दोन्ही एकच करतात. आणि वाक्याच्या शेवटी आपला जो हेल वर जातो तो. सहा महिने लागले मला.

चिक्कोडी_लोकल
कन्नड शाळेचं काढलात म्हणून विचारतो. मी घरी मराठी, शाळा सगळी कन्नड मीडियम. मराठी वाचता येतं खरं (हे बघा आलं) हळू. मी मराठीत ट्राय करू की बेंगळुरूला जाऊ?

कंपनी_नाटकवाला
यात मी बोलतो, तिसरी_घंटा यांना हा भाग कमी माहीत असेल.

मी धारवाडला राहतो, मूळचा खानापूर तालुक्यातला. घरात मराठी. मी नीनासमला शिकलो. शिवमोग्गा जिल्ह्यात सागरजवळ हेग्गोडू म्हणून खेडं आहे, अक्षरशः सुपारीच्या बागांतलं खेडं. तिथं के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये संस्था काढली आणि १९८० मध्ये नाट्यशाळा. एका वर्षाचा डिप्लोमा, सगळं कन्नडमध्ये, तिथंच राहायचं. सकाळी अंगाची मेहनत, मग आवाज, मग थिअरी, रात्री तालीम, आणि आपलं ताट आपण धुवायचं. पुढं त्यांचा तिरुगाट म्हणून फिरता संच आहे, १९८५ पासून, गावोगावी प्रयोग करतो. म्हैसूरला रंगायण म्हणून सरकारी नाट्यसंस्था आहे, बी. व्ही. कारंतांनी १९८९ मध्ये उभं केलेलं, धारवाडलापण रंगायण आहे. बेंगळुरूला एनएसडीचं, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं केंद्र आहे, त्यांचा एक वर्षाचा अभिनयाचा कोर्स दक्षिणेतल्या राज्यांच्या मुलांसाठी. म्हणजे आधारकार्डावर कर्नाटक असल्याबद्दल आपण रडतो ना, इथं तेच कार्ड चालतं.

आणि कन्नड सिरीयलीत उत्तर कर्नाटकाची कन्नड बोलणारा माणूस लागतो. बेंगळुरूचा नट ती करायला गेला की आपल्याकडची म्हातारीसुद्धा ओळखते. तू चिक्कोडीचा आहेस, तुला ती शिकावी लागणार नाही.

बेळगावी_बाणा
मराठी माणसानं कन्नड नाटक करायचं? १९५६ पासून आपण कशासाठी

नियंत्रक
वरची प्रतिक्रिया अर्धी उडवली आहे. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथे फक्त अभिनय.

जुना_प्रेक्षक
मी सत्तरीतला माणूस, टिळकवाडीत राहतो. भांडणात पडत नाही, दोन गोष्टी सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा, आणि बेळगावात शिक्षकी करत होते. शाकुंतल रंगभूमीवर आणलं १८८० मध्ये, म्हणजे वय सदतीस, तोवर नोकऱ्याच केल्या. ज्या पोरांना तेविसाव्या वर्षी उशीर झाला असं वाटतं त्यांनी हिशोब करावा. आणि कन्नड रंगभूमीचे एणगी बाळप्पा, तेसुद्धा त्याच सौंदत्ती भागातले, २०१७ मध्ये शंभरी ओलांडून गेले. त्यांच्या पिढीच्या कन्नड कंपन्यांनी मराठी नाटकं बघून शिकायचं आणि मराठीवाल्यांनी इकडच्या गवयांकडून शिकायचं, असाच व्यवहार होता. त्या वेळी कुणी आधारकार्ड मागत नव्हतं.

२०१५ ला नाट्यसंमेलन बेळगावात झालं, फैयाज अध्यक्ष होत्या, तेव्हा मी तिन्ही दिवस गेलो होतो. गर्दी बघून वाटलं आता इथं दर महिन्याला नाटक होणार. असो.

चिक्कोडी_लोकल
कंपनी_नाटकवाला सर, नीनासमला मराठी हेल चालतो काय?

कंपनी_नाटकवाला
पहिला महिना चिडवतात. माझं नाव "पुणे" पाडलेलं, मी आयुष्यात पुण्याला गेलो नव्हतो तेव्हा.

आणखी एक, डबिंग. कन्नडमध्ये कित्येक वर्षं दुसऱ्या भाषेतलं डब करायला अघोषित बंदी होती, ती आता सुटलीय आणि कामं वाढलीत. मराठीत तर आधीपासून आहेत. दोन्ही भाषा तोंडात बसलेला माणूस तिथं चेहरा न दाखवता भाडं काढू शकतो. मी काढतो.

निपाणी_९१
नमस्कार. मी मुलगी आहे, वय २२, बीकॉम झालं, सध्या एका पतसंस्थेत आहे. कॉलेजमध्ये चार एकांकिका केल्या. घरी मुंबईचं नाव काढलं की बाबा जेवायचे थांबतात. पुण्याच्या कोर्सेसबद्दल सांगाल काय आणि मुलींसाठी ही लाइन खरंच सेफ आहे काय, स्पष्ट सांगा.

तिसरी_घंटा
ताई, कोर्सचं आधी. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं नाटकात बीए-एमए करता येतं, पदवी मिळते, बाबांना सांगायला बरं. तिथंच एफटीआयआय म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट, तिचा स्क्रीन ॲक्टिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा, जागा मोजक्या. मुंबई विद्यापीठाचं नाट्यशास्त्राचं एमए आहे, २००३ पासून. दिल्लीच्या एनएसडीला तीन वर्षं, स्कॉलरशिप मिळते, खरं पदवीबरोबर निदान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. तुझी चार झालीत. अजून दोन कर आणि प्रत्येकाचं पत्रक, तिकीट, पेपरातलं कात्रण, फोटो जपून ठेव. आपली पोरं नाटक करतात आणि पुरावा बॅनरबरोबर मांडवातच टाकून येतात. सरकारी संस्था सोडून ज्या ॲकॅडम्या "१००% काम" म्हणून जाहिरात करतात त्यांच्याकडं तीन महिन्यांचे लाख रुपये भरण्याआधी त्यांच्या मागच्या बॅचमधल्या तीन पोरांना शोधून फोन करायचा. त्यांनी दिलेल्या नंबरावर नव्हे, आपण शोधलेल्या.

सेफचं मी पुरुष सांगण्यात अर्थ नाही, कोल्हापूरच्या एक मैत्रीण आहेत त्यांना सांगतो लिहायला.

पडद्यामागून
मी ती मैत्रीण. "खरं" आणि "पण" दोन्ही म्हणते त्यामुळे चालवून घ्या. 😄

पंधरा वर्षं काम करतेय, आता कॉस्च्युम आणि थोडा अभिनय. माझे नियम वाच, मी कुणासाठी मोडत नाही. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा. हॉटेलची खोली, कुणाचा फ्लॅट, रात्री नऊची "मीटिंग", तिथे मी जात नाही, रोल कुठलाही असो. पहिल्यांदा कुणीतरी सोबत न्यायचं, त्याला बाहेर बसायला नको म्हणाले तर आपणही बसायचं नाही. अनोळखी नंबरवर फोटो मागितले तर साधे तीन जातात, चेहरा, अर्धा, पूर्ण, रोजच्या कपड्यांत. त्यापुढचे मागणाऱ्याला रोल कुठल्या प्रॉडक्शनचा, डायरेक्टर कोण विचारायचं आणि त्या प्रॉडक्शनच्या ऑफिसात फोन करून खात्री करायची. निम्मे तिथेच गळतात.

"कॉम्प्रमाइज" हा शब्द कुणी वापरला तर तो काय म्हणतोय याचा विचार करत बसू नकोस, त्याला तेच म्हणायचंय. स्क्रीनशॉट ठेव, ब्लॉक कर. आणि हे सगळीकडे आहे असंही नाही. मी ज्या सेटवर आठ-आठ महिने काढले तिथे प्रॉडक्शनच्या दादांनी रात्री पॅकअपनंतर गाडीनं दारात सोडलं आहे, आई जागी आहे हे बघून गाडी वळवलीय.

तू मुंबईपासून सुरू करूच नकोस. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बस अर्ध्या तासाला. राज्य नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र आहे, तिथल्या संस्थांना दरवर्षी मुली कमी पडतात हे मी लिहून देते. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळलं तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून रडलो, पण लोक काम करायचे थांबले नाहीत. शनिवार-रविवार तालमीला ये, पतसंस्था सोडू नकोस. बाबांना एकदा प्रयोगाला आण, पहिल्या रांगेत बसव. माझ्या बाबांना तीन प्रयोग लागले.

गल्लीतला_नटसम्राट
पैसे किती मिळतात ते कोणच सांगेना.

तिसरी_घंटा
आकडा माणसागणिक बदलतो, माझा सांगून तुला उपयोग नाही. कसे मिळतात ते सांगतो. सिरीयलीत दिवसावर ठरतं, शिफ्ट साधारण बारा तासांची, आणि पैसे साधारण नव्वद दिवसांनी. म्हणजे जूनमध्ये काम केलंस तर दसऱ्याच्या आसपास. तोपर्यंत खोलीभाडं कुठनं द्यायचं हा विचार जूनच्या आधी. कोऑर्डिनेटरमार्फत आलास तर त्याचं कमिशन, ते आधी लिहून घे. दहा टक्के टीडीएस कापतात, आमची बरीच पोरं ते सोडून देतात, अरे रिटर्न भर, उत्पन्न कमी असेल तर परत मिळतात. मला एका वर्षी त्यावर फ्रीज आला. व्यावसायिक नाटकात प्रयोगावर मिळतात, त्याला नाईट म्हणतात, प्रयोग रद्द झाला की नाईट गेली.

आणि ॲग्रीमेंटवर सही करताना "एक्सक्लुझिव्ह" कुठं लिहिलंय ते बघ. एकदा मी न वाचता सही केली, महिन्याला चार दिवसांचं काम, आणि बाकीचे सव्वीस दिवस दुसरीकडं जायचं नाही.

खानापूरचा_गडी
दादा घरात बसून ऑडिशन पाठवतात ती कशी करायची? माझ्याकडं साधाच फोन आहे.

तिसरी_घंटा
साधा पुरे. फोन आडवा धर, स्टँड नसला तर तांदळाच्या डब्याला टेकव, खरं लेन्स डोळ्यांच्या उंचीला पाहिजे. मागं साधी भिंत, देवाचं कॅलेंडर नको. उजेड समोरून, खिडकीकडं तोंड करून उभार, पाठ करून नव्हे. आधी प्रोफाईल, म्हणजे नाव, वय, उंची, सध्या कुठं राहतोस, भाषा कुठल्या येतात, मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात. भाषा सांगताना मराठी-हिंदी म्हणून थांबू नका, कन्नड सांगा की रे! मला कन्नड येतं हे मी चार वर्षं कुठं लिहिलंच नव्हतं, लाज वाटायची. पाचव्या वर्षी लिहिलं आणि आठ महिन्यांची सिरीयल त्यावर मिळाली, हुबळीचा व्यापारी.

समोरच्याची वाक्यं कुणालातरी वाचायला लाव, त्यानं फोनच्या अगदी शेजारी उभारायचं. लेन्समध्ये बघायचं नाही, त्याच्याकडं बघायचं. प्रोफाईल मात्र लेन्समध्ये बघून.

निपाणी_९१
मी काल रात्री केलं. पडद्यामागून ताईंना पाठवलंय. आईलाच समोरची वाक्यं वाचायला दिली, ती आधी नको नको म्हणत होती मग माझ्यापेक्षा जोरात वाचायला लागली. मधे कुकरची शिट्टी झाली तिथं मी वाक्य विसरले. परत करू काय?

पडद्यामागून
बघितलं. शिट्टी राहू दे, त्यावर तू जी दचकलीस तेवढंच खरं वाटतंय सगळ्यात. बाकी ठिकाणी आई बोलत असताना तू ऐकत नाहीस, तुझं वाक्य कधी येतंय याची वाट बघतेस. डोळ्यांत दिसतं. आज रात्री परत कर, आणि या वेळी आईला सांग मधलं एक वाक्य तिच्या मनानं बदलून म्हण, कुठलं ते तुला सांगायचं नाही.

निपाणी_९१
आईला सांगितलं. ती म्हणते दोन बदलते.